पंप मारल्यावरच लागणारा ब्रेक : मोहोळच्या वाचकाला उत्तर

मोहोळ तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं :

‘आमच्याकडे १९९८ सालची टाटा ४०७ आहे. शेतातला कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात न्यायचा आणि एरवी मिळेल ते भाडं मारायचं, असं चालतं. मागच्या ब्रेकचे लायनर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) संपले होते. गॅरेजचा खर्च झेपेना म्हणून मी आणि चुलतभावाने घरीच काम केलं. मागच्या दोन्ही चाकांना नवे लायनर घातले, चारही चाकांच्या व्हील सिलिंडरना (ऑइलच्या दाबाने चाकातला ब्रेक ढकलणारा भाग) रबर कीट टाकलं, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) उघडून त्याचंही कीट बदललं. सगळे पार्ट डिझेलमध्ये स्वच्छ धुऊन बसवले. पहिले दोन दिवस ब्रेक चांगला होता. आता पहिल्या दाबात पेडल जवळजवळ खाली टेकतं, दोन-तीन वेळा पंप मारला की वर येतं आणि मग ब्रेक लागतो. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. यार्डात पोचेपर्यंत मागच्या डाव्या चाकाच्या ड्रमला हात लावता येत नाही. एअर, म्हणजे ब्रेकच्या लाइनमध्ये शिरलेली हवा, परत परत काढून झाली. आता नवा मास्टर सिलिंडर टाकू का? कांद्याचे दिवस आहेत, गाडी उभी ठेवून चालणार नाही.’

राम राम भाऊ,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. गाडी उभी ठेवा. हे पत्र वाचताय त्या क्षणापासून, आणि रिकामीसुद्धा हायवेला काढू नका. भरलेल्या ४०७ चं वजन पाच टनांच्या पुढे जातं. ताशी ६० च्या वेगात ती सेकंदाला जवळपास १७ मीटर धावते. तीन वेळा पाय उचलून दाबण्यात दीड-दोन सेकंद गेले, तर ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी २५ ते ३३ मीटर पुढे गेलेली असते. पुणे रोडला मध्येच ट्रॅक्टर वळतो, शेतातून मोटरसायकल थेट रस्त्यावर येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पहिल्या दाबात जो लागत नाही त्याला ब्रेक म्हणता येत नाही, मग तिसऱ्या दाबाला तो कितीही कडक लागो.

कांद्याचं नुकसान होईल ही काळजी खरी आहे, आणि ती मी हलकी समजत नाही. पण काढलेला कांदा सावलीत, पातीखाली झाकून चार दिवस थांबू शकतो. तेवढंही शक्य नसेल तर गावातल्या दुसऱ्या टेम्पोत भाडं देऊन पाठवा, शेजाऱ्याच्या मालाबरोबर पाठवा. एका खेपेचं भाडं जाईल, बाकी काही जाणार नाही.

आता कामाचं बोलू. घरी काम केलंत यात काही वावगं नाही. ड्रम ब्रेक हे काम समजून घेणाऱ्या माणसाला जमण्यासारखं आहे, आणि तुम्ही दोघांनी अर्धवट न करता चारही चाकं उघडलीत, हे बरंच केलंत. अडचण अशी आहे की आता तुम्ही पुन्हा पार्ट बदलायच्या विचारात आहात आणि बिघाड कुठे आहे ते अजून कुणी तपासलेलं नाही. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत : पेडल खाली, गाडी डावीकडे, डावं चाक गरम. या तिन्हीचं मूळ एकच असू शकतं किंवा दोन असू शकतात, आणि ते पाना न उचलता बरंचसं ओळखता येतं.

पण त्याआधी तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका वाक्याकडे येतो. ‘सगळे पार्ट डिझेलमध्ये स्वच्छ धुऊन बसवले.’ माझ्या मते सगळ्या पत्रात हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे.

इंजिनचे, गिअरबॉक्सचे पार्ट आपण डिझेलमध्ये धुतो आणि त्यात काही बिघडत नाही. ब्रेकचं तसं नाही. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते खनिज तेल नसतं. ते ग्लायकॉलच्या जातीचं रसायन असतं, पाण्यात सहज मिसळतं, आणि व्हील सिलिंडर-मास्टर सिलिंडरची रबरं त्याच्यातच राहण्यासाठी बनवलेली असतात. या रबराला डिझेल, रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांतलं काहीही लागलं की ते रबर तेल पिऊन फुगतं. मऊ पडतं, आकार सोडतं, त्याची धार गुंडाळते. हे लगेच होत नाही. काही तास, कधी दोन-चार दिवस लागतात. बसवताना सगळं ठीक वाटतं, गाडी दोन दिवस उत्तम थांबते आणि मग हळूहळू बिघडत जाते. तुमच्या गाडीने नेमकं हेच केलं आहे.

फुगलेलं रबर दोन तऱ्हेने त्रास देतं. व्हील सिलिंडरमध्ये ते नळीला घट्ट चिकटतं, पिस्टन बाहेर गेला की स्प्रिंगच्या ओढीने मागे येत नाही, आणि शू (लायनर लावलेली कमान) ड्रमला घासत राहतो. मास्टर सिलिंडरमध्ये त्याहून वाईट होतं. तिथे टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल सोडल्यावर लाइनमधला दाब त्या छिद्रातून टाकीत परततो. पिस्टनवरचा फुगलेला रबरी कप ते छिद्र झाकून बसला, की दाब आत अडकतो आणि चाकं थोडी थोडी धरून राहतात. गाडी तापत जाते तसा हा दाब वाढत जातो.

हे तुमच्या गाडीत झालंय का, ते पाहण्यासाठी आधी मास्टर सिलिंडरच्या टाकीचं झाकण काढा. झाकणाखाली रबर असेल तर ते सपाट आहे की फुगून वेडंवाकडं झालंय, बोटाला चिकट-लिबलिबीत लागतंय का, पाहा. मग टाकीतलं थोडं ब्रेक ऑइल काचेच्या ग्लासात पाण्यावर टाका आणि हलवा. ते पाण्यात विरून गेलं पाहिजे. वर तेलाचा तवंग, तेलाचे डोळे तरंगले तर डिझेल किंवा दुसरं तेल आत आहे हे नक्की. तवंग आला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. धुताना राहिलेलं डिझेल चाकाकडच्या टोकाला साचलेलं असू शकतं, टाकीपर्यंत येत नाही. म्हणून एक मागचं चाक उघडून व्हील सिलिंडरचं धुळीचं टोपण बाजूला करा आणि आतला कप काढून कीटमधल्या नव्या कपाशेजारी ठेवा. फुगलेला कप नव्यापेक्षा मोठा दिसतो, डोळ्यांनाच कळतो.

तसं निघालं तर मन घट्ट करा, कारण त्याला अर्धा उपाय नाही. एकूण एक रबर बदलावं लागेल. चारही चाकांची कीटं, मास्टरचं कीट आणि होज पाईपसुद्धा, कारण होजच्या आतलं अस्तरही रबराचंच असतं. लोखंडी पाईप सोडवून त्यातून ताजं ब्रेक ऑइल भरपूर वाहू द्या, बाहेर पडणारं स्वच्छ दिसेपर्यंत. पार्ट धुवायचे ते ब्रेक ऑइलमध्येच किंवा ब्रेक क्लीनरने. रबर बसवताना बोट भिजवायचं तेही ब्रेक ऑइलमध्ये. ज्या डब्यात कधी डिझेल ठेवलं होतं तो डबा या कामाला घेऊ नका, पुसलेला असला तरी. वापरलेलं ब्रेक ऑइल परत टाकीत ओतायचं नाही आणि ते केबिनच्या किंवा चॅसीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

समजा रबरं ठीक निघाली. मग दुसरा संशय ॲडजस्टरचा, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणाऱ्या भागाचा, आणि खरं सांगायचं तर तुमच्या तीनही तक्रारी एकट्या ॲडजस्टरमुळेही होऊ शकतात. नवे लायनर बसवताना डाव्या चाकाचा ॲडजस्टर जास्त आवळला गेला आणि उजव्याचा सैल राहिला, तर डावं घासून तापणार. उजव्या शूला ड्रमपर्यंत लांब जावं लागणार, त्यात पेडलची पहिली चाल खर्च होणार. दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला शू जवळ आलेला असतो म्हणून पेडल वर येतं. आणि डावं आधी लागतं म्हणून गाडी डावीकडे जाते. पहिले दोन दिवस ठीक असणं यात नीट बसत नाही, म्हणून मी डिझेलला पहिला नंबर दिला. पण नव्या लायनरचे उंचवटे दोन दिवसांत घासून अंतर वाढतं, हेही होतं.

तेव्हा पेडलचं ऐका. गाडी सपाट जागी उभी, चाकांना पुढे-मागे दगड, इंजिन बंद. चार-पाच वेळा पेडल मारून बूस्टरमधला (व्हॅक्युमने पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्युम संपवा. आता पंप करून पेडल वर आणा आणि पाय तसाच दाबून ठेवा. वर आल्यावर पेडल दगडासारखं टणक लागतंय आणि जागचं हलत नाही, तर एअर नाही. शू आणि ड्रममधलं अंतर जास्त आहे, ॲडजस्टर पाहा. वर आल्यावरही पायाखाली दबतंय, पाय जोरात दिला की आणखी जातंय, उचलला की उसळी मारतंय, तर लाइनमध्ये एअर आहे. आणि पाय एकाच जोराने दाबून ठेवला असताना पेडल हळूहळू खाली सरकत गेलं, तर कुठून तरी ऑइल निसटतंय. बाहेर गळती असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर ओल दिसेल, टाकीतली पातळी उतरेल. बाहेर कुठेच ओल नाही, पातळी जशीच्या तशी, आणि तरी पेडल सरकतं, तर मास्टर सिलिंडरच्या आत कपावरून ऑइल मागे जातंय. मास्टर सिलिंडरला दोष द्यायचा तो या खुणेवरून. पातळी उतरते आणि चाकं कोरडी, तर मास्टर बूस्टरला जोडलेला आहे तिथले बोल्ट सैल करून मागे पाहा. मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये जात असेल तर ते बाहेरून दिसत नाही.

तुमच्या लिहिण्यावरून पंप मारल्यावर ब्रेक नीट लागतो, म्हणजे पेडल वर येऊन टणक होत असावं. तसं असेल तर एअर काढत बसल्याने फरक पडला नाही यात नवल नाही. आणि इथे एक सावधगिरी. एअर काढताना साथीदार पेडल पूर्ण खालपर्यंत दाबतो. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा फिरतो तेवढाच भाग गुळगुळीत असतो, पुढचा भाग गंजलेला, खरखरीत असतो. कप त्या भागात ढकलला की त्याची धार फाटते. नवं कीट टाकल्यावर दोन दिवसांत मास्टर गेला असं पुष्कळ लोक सांगतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच घडलेलं असतं. पेडलच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते शेवटपर्यंत जाणार नाही.

आता डावं चाक. सगळी चाकं गरम होत असती तर मी मास्टरकडे, बूस्टरच्या दांड्याकडे आणि पेडलच्या मोकळ्या चालीकडे बोट दाखवलं असतं. फक्त एकच चाक तापतंय, ही मोठी खूण आहे. मागच्या ॲक्सलला चॅसीवरून सहसा एकच होज येतो आणि ॲक्सलवर दोन्ही चाकांना पाईप फुटतात. त्यामुळे होज आतून चोंदला किंवा मास्टरमध्ये दाब अडकला तर दोन्ही मागची चाकं धरायला हवीत. एकटं डावं धरतंय तर दोष त्या चाकाच्या ड्रमच्या आत असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

खात्री अशी करा. डावं मागचं चाक उचला. शेतात, काळ्या मातीवर जॅक लावू नका, तो वजनाने खाली जातो. सिमेंटचा ओटा किंवा पक्का रस्ता बघा, नाइलाज असेल तर खाली जाड फळी. जॅकवर गाडी सोडून खाली शिरायचं नाही, ॲक्सलखाली घोडी लावायचीच. साथीदाराला पेडल चार-पाच वेळा जोरात मारून सोडायला सांगा. आता चाक हाताने फिरवा. धरून राहिलं असेल तर एअर काढायचा निपल थोडा उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकला होता, मग होज आणि मास्टरकडे मागे मागे जात तपासा. निपल उघडूनही चाक तसंच जड, तर ऑइलच्या दाबाचा संबंध नाही, काम यांत्रिक आहे : ॲडजस्टर आवळलेला, शूची परतीची स्प्रिंग चुकीच्या भोकात किंवा ढिली, व्हील सिलिंडरचा पिस्टन अडकलेला, किंवा हँडब्रेकची केबल मागच्या शूवर काम करत असेल तर ती ताणलेली. नव्या जाड लायनरवर जुन्या ताणाची केबल तशीच राहिली तर हँडब्रेक सोडूनही अर्धा ओढलेला असतो. म्हणून ॲडजस्टरला हात लावण्याआधी हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करा आणि शूचं काम संपल्यावरच ती परत ताणा.

ॲडजस्टर दोन्ही बाजूंना एकाच पद्धतीने लावा. चाक हाताने फिरवत आवळत जा, चाक अडलं की थांबा, पेडल एकदा जोरात मारा म्हणजे शू आपापल्या जागी बसतील, परत आवळा, आणि मग चाक मोकळं फिरून कुठेतरी हलकं घासल्याचा आवाज येईल इतकं सोडा. दोन्ही चाकं हाताला सारखीच जड लागली पाहिजेत. हे काम झाल्यावर पेडल पुन्हा तपासा. पहिल्या दाबात वर आलं असेल तर निम्मं दुखणं संपलं.

डावीकडे ओढण्याबद्दल एक गोष्ट लोक उलटी समजतात. गाडी डावीकडे ओढते म्हणून सगळे डावं चाक उघडतात. पण डावीकडचा ब्रेक ठीक असून उजवीकडचा लागतच नसेल तरी गाडी डावीकडेच जाणार. त्यामुळे मला तुमच्या गरम डाव्या चाकापेक्षा थंड उजव्या चाकाची जास्त भीती वाटते. चारही चाकं आळीपाळीने उचला, साथीदाराला पेडल दाबायला सांगा आणि प्रत्येक चाक फिरवून पाहा की ते खरंच अडतंय का. स्टिअरिंग हाताला जोरात झटका देऊन डावीकडे जात असेल तर पुढचं उजवं चाक नीट बघा, कारण मागच्या चाकांतल्या फरकाने स्टिअरिंगवर एवढा ओढा सहसा येत नाही. तुम्ही त्याच्याही व्हील सिलिंडरचं कीट बदललं आहे. दोन्ही पुढची चाकं किंवा दोन्ही मागची चाकं अजिबात लागत नसतील, तर मास्टरच्या दोन खणांपैकी एक काम करत नाही. या मास्टरमध्ये दोन वेगळे खण असतात ते एवढ्याचसाठी की एक गेला तरी दुसऱ्याने गाडी थांबावी. पण तेव्हाही पेडल खूप खाली जातं आणि गाडी अर्ध्या ताकदीने थांबते.

लायनरवर ग्रीस, हबच्या ऑइल सीलमधून आलेलं तेल किंवा ब्रेक ऑइल लागलेलं दिसलं तर ते लायनर टाका. पेट्रोलने पुसून, घासून, जाळून ते बरे होत नाहीत. आत शोषलेलं तेल तापल्यावर परत वर येतं. बदलायचे तर ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला, एका कंपनीचे, एका मापाचे. आधी सील बदला, मग लायनर, नाहीतर नवेही जातील. ड्रमच्या कडेला धार आली असेल, आत खोल चरे असतील, चाक फिरवताना एकाच जागी घासत असेल, तर लेथवर नेऊन घासून घ्या. पण ड्रमवर सहसा जास्तीत जास्त व्यासाचं माप कोरलेलं असतं, त्यापुढे गेलेला ड्रम बदलावाच लागतो. आणि भाऊ, लायनरची धूळ हवेने उडवू नका, तोंडाने फुंकू तर मुळीच नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, तो फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. लेकरं आसपास खेळत असतील तर त्यांना आधी घरात पाठवा.

पुन्हा उघडताना दोन्ही बाजू एकदम सुट्या करू नका. एक उघडा, दुसरी नमुन्यासाठी तशीच राहू द्या, मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंगा, पुढचा-मागचा शू, ॲडजस्टरची डावी-उजवी बाजू यांत अदलाबदल झाली की वरून सगळं बरोबर दिसतं आणि ब्रेक मात्र लागत नाही.

एअर काढण्याचा क्रम मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो धरा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलात बुडवा. पेडल दाबलेलं असतानाच निपल उघडा आणि पाय उचलण्याआधी बंद करा. बंद करायला उशीर झाला तर त्या एकाच चुकीने एअर परत आत जाते. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. तुमच्या गाडीला मागच्या ॲक्सलवर लोडप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, चॅसी आणि ॲक्सलमध्ये दांडीने जोडलेला, तर चॅसी उचलून ॲक्सल लोंबकळत ठेवू नका. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागे ऑइल नीट जाऊ देत नाही. ॲक्सलवर वजन असू द्या.

ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या नंबरचं. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं असलं तर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. उघडा डबा गोठ्यात किंवा केबिनमध्ये महिनोन् महिने पडून राहिला की ते हवेतली ओल पीत राहतं. तुमचा डावा ड्रम जसा तापतोय तसा तापला, की आतलं ऑइल उकळून वाफ होते, वाफ दबते आणि पेडल एकाएकी खाली जातं. यार्डात पोचता पोचता पेडल सकाळपेक्षा जास्त खाली जात होतं का, हे आठवून पाहा.

आता तुमचा मूळ प्रश्न. नवा मास्टर सिलिंडर घ्यायचा का? पाय दाबून ठेवल्यावर पेडल सरकत असेल, किंवा मास्टर उघडल्यावर आतल्या नळीवरून नख फिरवताना खड्डे, चरे लागत असतील, तर घ्या, आणि जुन्यात कीट टाकून पैसे घालवू नका. पॉलिश पेपरने घासून तो खड्डा जात नाही, नळीचं माप तेवढं वाढतं. नवा आणलात तर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून, त्यात ऑइल भरून, दांडीने हळूहळू दाबत त्याच्यातली एअर आधीच काढा. पण या दोनपैकी एकही खूण नसेल तर आत्ता घेऊ नका. तुमच्या तक्रारी त्याने जाणार नाहीत आणि त्या पैशात चारही चाकांचं काम नीट होतं.

बूस्टरचीही एक तपासणी करून ठेवा. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं आपोआप खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्युम येत नाही : पाइप फाटलेला, एकतर्फी व्हॉल्व्ह गेलेला, व्हॅक्युम पंप थकलेला किंवा बूस्टरच फुटका. डिझेल इंजिनला बूस्टरसाठी व्हॅक्युम पंप लागतो आणि तो इंजिन चालू असेल तरच फिरतो. म्हणून तुळजापूरचा घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे जिवावर उदार होतात. दोन-तीन दाबांत व्हॅक्युम संपतो आणि मग पेडलवर उभं राहिलं तरी भरलेली गाडी ऐकत नाही. घाटात खालचा गिअर, इंजिन चालू, न्यूट्रल नाही.

सगळं बसवून झालं की आधी जागेवर उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, मिनिटभर पेडल पूर्ण ताकदीने दाबून ठेवा आणि साथीदाराला टॉर्च घेऊन प्रत्येक जोड, प्रत्येक चाकाची आतली बाजू बघायला लावा. कुठेही ओल नाही, पेडल जागचं हललं नाही, तरच गाडी हलवा. खळ्यात किंवा मोकळ्या माळावर, रिकामी, माणूस चालतो त्या वेगाने. हँडब्रेकवर हात ठेवून. मग ताशी २०, मग ३०, थांबवत, सोडत. चार-पाच किलोमीटर झाले की उतरून चारही ड्रमजवळ हात न्या, एकदम टेकवू नका. सगळे थोडे कोमट आणि डावे-उजवे एकमेकांसारखे असले पाहिजेत. गाडी सरळ थांबते, पेडल पहिल्या दाबात वर आहे, चाकं सारखी तापतात, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच अर्धा लोड. नवे लायनर ड्रमला पूर्ण बसेपर्यंत ब्रेक थोडा कमीच लागतो, म्हणून सुरुवातीला पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा आणि एकदम जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका. चाकांचे नट पहिल्या खेपेनंतर परत आवळा.

आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, तुमच्या गाडीचं कधी संपतंय तेही पाहा. त्याआधी ओळखीच्या एखाद्या जुन्या फिटरला बोलावून तुमचं काम दाखवा. त्याला उघडून दाखवायला संकोच करू नका. तुम्ही केलेलं त्याने पाहिलं तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतील. आणि वर सांगितलेल्या क्रमाने गेल्यावरही कुठे अडलात, पाईपचा जोड गळत राहिला किंवा एखादं चाक अडतच नाही असं झालं, तर तिथे थांबा आणि त्याच्याच हाती द्या. गळणाऱ्या ब्रेक पाईपवर तांब्याचा साधा तुकडा, टेफ्लॉनची टेप किंवा एमसील लावून वेळ मारून न्यायची नाही, तो पाईप आख्खा बदलायचा.

परत लिहाल तेव्हा एवढं जरूर कळवा : पाण्यावर तवंग आला का, निपल उघडल्यावर डावं चाक सुटलं का, आणि पेडल दाबलेलं असताना पुढचं उजवं चाक हाताने फिरत होतं का.